न पुसलेला ठसा

मी बोलते आहे, हे आधी सांगावे लागते. कारण मी समोर उभी असते, हेच पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मी काच. एका चार मजली कार्यालयाच्या दर्शनी दारातली, पुरुषभर उंचीची आणि दुर्दैवाने निर्मळ.

वाळू होते तोवर माझ्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. मग भट्टीत वितळले, सपाट झाले, थंड झाले. कारखान्यातल्या परीक्षकाने माझ्यातून पलीकडच्या भिंतीवरचे घड्याळ न्याहाळले आणि "काहीही दिसत नाही, उत्तम," असा शेरा दिला. 'काहीही' म्हणजे दोष. आयुष्यात मला मिळालेले ते एकमेव प्रशस्तिपत्र. पुढे तेच अंगाशी आले.

या दारात मला बसवले त्याला बावीस वर्षे झाली. साफसफाईच्या मावशी माझ्या महिनाभर आधी येथे लागल्या. आधी ओले फडके, मग कोरडे, शेवटी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा, आणि मग मान तिरकी करून उजेडाकडे पाहणे, हा त्यांचा रोजचा क्रम. पुसण्यापूर्वी त्या प्रत्येक डाग वाचतात. "हा तिसऱ्या मजल्यावरचा शिपाई. खांद्यानं ढकलतो मेला, दोन्ही हातांत कप असतात," किंवा "ही टंकलेखक बाईंची लेक. जीभ लावून बघते काचेला." त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

एका सकाळी मावशी मला पुसून वळल्या आणि एक गृहस्थ भरभर आत येऊ लागले. मला ते दुरूनच दिसले. मी त्यांना दिसले नाही. आवाज मोठा झाला. मला काहीच झाले नाही, याचाही पुढे माझ्याविरुद्ध उल्लेख करण्यात आला.

मावशी पाणी घेऊन धावल्या. "फार लागलं का हो?"

"इथे काच आहे, हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण मूठ आहे की, पितळेची."

"हवेत लटकणारी मूठ बघून माणसानं काय समजायचं?"

मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. गृहस्थांनी कार्यालयावर दावा लावला. न्यायालयात त्यांना वादी म्हणत, म्हणून मीही वादीच म्हणते. त्यांचे नाक चार दिवस सुजले होते, हे खरे. परंतु दाव्यात असेही म्हटले होते की, पारदर्शक वस्तूंवरचा त्यांचा विश्वास उडाला असून, पेल्यातले पाणीही ते आता बोट बुडवून खात्री केल्याशिवाय पीत नाहीत.

माझ्यावर उमटलेला ठसा हा पुरावा ठरला. तो पुसू नये, असा हुकूम झाला. व्यवस्थापकांचे म्हणणे, नाकापुरती चौकट पुरे. वादीचे वकील ऐकेनात. "माझ्या अशिलाचा संपूर्ण आघात जतन झाला पाहिजे," असे म्हणून त्यांनी हातभर लांबीची कागदी चौकट चिकटवून घेतली आणि चारही कोपऱ्यांवर लाखेच्या मोहरा केल्या. मावशी रोज चौकटीच्या कडेपर्यंत पुसत आणि तेथे थांबत. त्या जागी त्यांचा हात आपोआप आखडे.

पुन्हा कोणी धडकू नये म्हणून व्यवस्थापकांनी माझ्यावर नारिंगी रंगाची दोन वर्तुळे, मध्ये एक रेघ जोडून, चिकटवली. आठवड्याभरात शेजारच्या चष्मेवाल्यांची नोटीस आली: रेघेने जोडलेली दोन वर्तुळे हे त्यांचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असून ते चोरण्यात आले आहे. पुरावा म्हणून त्यांनी एक वृद्ध बाई हजर केल्या. त्या आमच्या स्वागतकक्षात येऊन वाचण्याचा चष्मा मागत होत्या. व्यवस्थापकांनी रेघ व एक वर्तुळ खरवडून काढले. मग वादीचे वकील म्हणाले की, वर्तुळे लावली याचा अर्थ दोष मान्य केला, आणि काढली याचा अर्थ तो लपवला.

आता दोष कोणाचा, हे ठरवणे आले. व्यवस्थापकांनी काच बसवणाऱ्याकडे बोट दाखवले. त्याने कारखान्याकडे. कारखान्याने कळवले की, काच पारदर्शक असावी अशी मागणी लेखी होती. शेवटी खापर फुटले ते सर्वांत खालच्या पायरीवर. मावशींना पत्र मिळाले: 'प्रमाणाबाहेर स्वच्छता केल्याबद्दल आपणास कामावरून का काढू नये, याचा खुलासा करावा.'

निवृत्तीला त्यांना अकरा महिने उरले होते.

व्यवस्थापक दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. माझ्याच शेजारी उभे राहून ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, एक सोपा मार्ग आहे. त्या दिवशी काच पुसलीच नव्हती, एवढं सांगा. मळकी काच न दिसायला तो काय आंधळा आहे? दावा तिथंच संपला. तुमचं पत्र मी फाडून टाकतो."

"बावीस वर्षांत एक दिवस चुकले नाही, साहेब. आणि आता कोर्टात जाऊन सांगू, पुसली नाही म्हणून?"

"अहो, नोकरी जाईल!"

"जाईल तर जाईल. पुसली ती मीच पुसली."

इतक्या महिन्यांत 'मीच' हा शब्द मी प्रथमच ऐकत होते.

न्यायाधीश स्वतः जागा पाहायला आले. वादी, वकील, व्यवस्थापक, सगळे माझ्यासमोर दाटीने उभे राहिले. न्यायाधीशांनी मावशींना पुढे बोलावले. "ही काच तुम्ही पुसता?"

"हो. त्या दिवशीही पुसली होती. चांगली लख्ख."

व्यवस्थापकांनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी लिहून घेतले आणि सहज विचारले, "आणखी काही सांगायचं आहे?"

"हा डाग बघितलात का, साहेब?" मावशींनी मान तिरकी केली. "समोर बघत येणाऱ्याचं आधी नाक लागतं. इथं कपाळ बघा केवढं मोठं उमटलंय, आणि नाकाचा नुसता शेंडा. म्हणजे मान खाली होती. आता खाली या. ही चार बोटं. दार ढकलायला हात पुढे आला असता तर तळवा उमटला असता. ही बोटांची पाठ आहे. हातात फोन धरला की बोटं अशी मागं येतात."

वादीचे वकील तत्काळ म्हणाले, "हा भाग विचारात घेऊ नये. तो चौकटीच्या..." आणि थांबले. चौकट त्यांनीच मोजून घेतली होती.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारले.

"पुसली का, एवढंच सगळे विचारत होते. डागात काय आहे, ते कुणी विचारलं नाही."

दावा फेटाळला गेला. चालताना समोर पाहण्याची जबाबदारी चालणाऱ्याचीच असते, असे निकालपत्रात अकरा पाने लिहिले आहे. मावशींचा खुलासा समाधानकारक ठरला, जरी तो त्यांनी कधी दिलाच नव्हता.

अपिलाची मुदत संपली त्या सकाळी मावशींनी मोहरा फोडल्या, चौकट सोलली आणि ठसा पुसला. ओले, कोरडे, बोळा. मान तिरकी करून पाहिले.

तेवढ्यात वादी आले. या वेळी हात पुढे धरून, चाचपडत. माझ्यावर तळवा टेकवून ते उभे राहिले.

"मावशी, माझं लक्ष नव्हतं."

"ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आता हात काढा काचेवरून."

त्यांनी हात काढला. पाचही बोटे स्पष्ट उमटली होती. मावशींनी त्या बोटांकडे पाहिले, वादींकडे पाहिले आणि फडके त्यांच्या हातात दिले.

मी आजही त्याच दारात उभी आहे. अंगावर एकच नारिंगी वर्तुळ आहे. त्यावर अद्याप कोणी हक्क सांगितलेला नाही. वादींनी त्या दिवशी पुसताना कडा सोडल्या आणि बोळा फिरवलाच नाही. परंतु त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.