शिंप्याच्या पायातली पाहुणी

मी एक म्हातारी अळी आहे. हसू नका, आमच्यात आठवडा काढला की आजीच म्हणतात. आणि मित्रांनो, नाकही मुरडू नका. माझी आई हिरवी माशी, तिचं माहेर उकिरडा. पण मी जन्मले प्रयोगशाळेत, धुतलेल्या अंड्यातून. तुमच्या हातांपेक्षा स्वच्छ!

बहिणींसह मला जाळीच्या पिशवीत घालून एका शिंप्याच्या पायावर बांधलं. जखम चिघळलेली, जंतू कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "याने नाही जमलं, तर पाय काढावा लागेल." आणि शिंप्याचं मशीन पायाचं.

आम्हाला दात नाहीत. आम्ही फक्त रस सोडतो. सडलेलं तेवढं विरघळतं, तेच आम्ही पितो; जिवंत मांसाला धक्का लागत नाही. आणि औषधांना न जुमानणारे ते जंतू त्या रसात पटापट मरू लागले! हे मला कुणी शिकवलं? आमच्या पिढ्यान्पिढ्या घाणीत वाढल्या, जंतूंशी झुंजल्या. ती विद्या अंगातच उतरली. माझं मलाच नवल वाटतं.

पण शिंपीणकाकूंना लोकलाज मोठी. जाऊबाई येणार म्हणून त्यांनी पायाला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली. हवा बंद! माझ्या कितीतरी बहिणी गुदमरून गेल्या. नशीब, जाऊबाईंच्या आधी पट्टी बघायला दवाखान्यातली सिस्टर आली.

"काकू, अहो, यांना हवा लागते!"

"अगं, जाऊ गावभर सांगेल, यांच्याकडे माणसाला अळ्या पडल्या म्हणून."

"आणि पाय गेल्यावर काय सांगेल?"

काकूंनी स्वतःच प्लास्टिक सोडलं. शिंपी म्हणाला, "सिस्टर, रोज येत जा. ही पहिल्यांदाच गप्प बसली."

संध्याकाळी जाऊबाई आल्या, तर काकूच म्हणाल्या, "जरा सरकून बस. त्यांची हवा अडते."

आज पट्टी सुटली. आत गुलाबी, नवं मांस. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाय वाचला!

आता आम्हाला डब्यात घालून जाळतील. जखमेतलं काही बाहेर सोडायचं नाही, असा नियमच आहे. माशी होऊन उडणं माझ्या नशिबी नाही. मित्रांनो, माझ्या आईला तुमच्या ताटावर बसू देऊ नका, ते बरोबरच. पण कुणाला 'शी' म्हणण्याआधी त्याच्या पोटात काय विद्या आहे, तेवढं बघा.

झाकण लागताना काकू पुढे झाल्या. "थांब गं. जाताना उपाशी नको धाडू. काही खातात का या?"

सिस्टर हसली. "काकू, तुमच्याच घरचं पोटभर जेवल्यात."