कपाटातला दिवा

नेरिडा बोर्टोली दुकानात आली तेव्हा तिच्या हातात ताटं पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं एक कॉमिक होतं. तिने ते काउंटरवर अलगद उलगडलं. मुखपृष्ठावर एक पाणबुड्या होता आणि त्याच्या तोंडावर हिरवट-करडी बुरशी चढली होती.

"वॉल, याला काय लावायचं?"

"काही लावायचं नाही. आणि आधी ते माझ्या काउंटरवरून उचल. इथल्या मालाला लागण होईल."

माझं असंच आहे. ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेलसारख्या गावात, जिथे नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसाळ्यात पायातल्या चपलांवरसुद्धा शेवाळ धरतं, तिथे जुनी कॉमिक्स विकणाऱ्या माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. कोणी फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावून आणतं, कोणी उन्हात वाळवून पार पापड करून आणतं, आणि वर मलाच विचारतात, आता काय करू. नेरिडा शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होती, त्यामुळे तिला हे नवं नव्हतं. तिने कॉमिक पुन्हा गुंडाळलं आणि कोपऱ्यातल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"मग तो हवाबंद डबा दे. सगळी त्यात भरते आणि झाकण लावून टाकते."

"बुरशीसकट? लोणचं घालतेयस का?"

"मग त्या पिशव्या दे, ज्यात तू तुझी ठेवतोस."

"त्यात तीन तऱ्हा आहेत. एक स्वस्त, तिला वास येतो, तो वास म्हणजे कागदाला विष. दुसरी बरी, पण चार-पाच वर्षांत लिबलिबीत होते, मग बदला. तिसरी कडक आणि महाग, ती तुझ्या-माझ्या मागे राहील. आत पाठीला पुठ्ठा लागतो, तोही साधा नाही, साधा पुठ्ठा कागदाला पिवळा करतो. किती आहेत एकूण?"

"तीनेकशे असतील. रेन्झोची."

रेन्झो तिचा एकुलता एक. पार पश्चिमेला, कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन आहे.

"आधी जागा बघायला हवी," मी म्हणालो. "जागाच ओली असेल तर सोन्याच्या पिशवीत घालूनही उपयोग नाही."

"जागा ओली नाही," ती दुखावून म्हणाली. "कपाटात दिवा आहे. रात्रंदिवस चालू असतो."

आता मी चक्रावलो. कपाटाच्या तळाशी विजेचा दिवा जळत ठेवायचा, त्याच्या उबेने आतलं सगळं कोरडं राहतं, हे आमच्याकडे घरोघरी असायचं. माझी आई तिचे चर्चला जायचे बूट असेच जपायची. पुस्तकी माणसं नाकं मुरडतील, उबेने कागद म्हातारा होतो म्हणून. होतो. पण बुरशी त्याला म्हातारा व्हायलासुद्धा वेळ देत नाही. दिवा असताना बुरशी आली कशी? दुकान बंद करून मी तिच्या मागोमाग गेलो.

बोर्टोलींचं घर उंच खांबांवर आहे, तिन्ही बाजूंना ऊस. ऊस आता दुसऱ्याला खंडाने दिलेला आहे. नेरिडाने रेन्झोच्या खोलीतलं कपाट उघडलं तर आतून लख्ख पांढरा उजेड आला. तळाला तारेची एक नेटकी जाळी ठोकलेली, तिच्यात दिवा, वरच्या फळ्यांवर कॉमिक्सच्या थप्प्या. मी जाळीचं दार उघडून दिव्याला हात लावला. थंडगार.

"हा कधी बदललास?"

"नोव्हेंबरात. जुना गेला. हा छान आहे की, उजेड जास्त आणि वीज कमी खातो."

"नेरिडा, हा एलईडी, हा तापत नाही. जुने दिवे तापायचे, म्हणून तर ते आत ठेवायचे. सगळा पावसाळा तू या कपाटात नुसता उजेड पाडलायस."

तिने स्वतः हात लावून पाहिला. मग पलंगावर बसली.

"म्हणजे मीच घालवली."

एरवी मी हो म्हणालो असतो. पण तिचं तोंड बघून जाळीचं दार लावून घेतलं.

"जुन्यासारखा दुसरा आणून दे," ती म्हणाली.

"मिळत नाहीत आता. सरकारने विकायला बंदी घालून किती वर्षं झाली."

"ते माहितीये. बंद होणार म्हटल्यावर आल्डोने हार्डवेअरवाल्याकडचं अख्खं खोकं उचललं होतं. त्यातलाच शेवटचा गेला."

"आल्डोने? कशाला?"

"याच्यासाठी."

आल्डो म्हणजे तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी गेला. रेन्झो शिकाऊ इलेक्ट्रिशियन झाला आणि ऊस करणार नाही म्हणाला, तेव्हा या घरात काय झालं ते गावात कोणाला माहीत नाही? पोरगा बॅग उचलून गेला आणि आल्डोने पबमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं, की त्याची ती कागदी रद्दी मी उसाच्या पाचटाबरोबर पेटवणार आहे. मी शेजारच्याच टेबलावर होतो. तेव्हापासून त्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नव्हतं.

"रेन्झो गेला त्याच आठवड्यात इथे दिवा लागला," नेरिडा म्हणाली. "जाळीही आल्डोनेच केली, कागदाला आच लागू नये म्हणून. मला म्हणाला, पोराला सांगितलंस तर याद राख. मी नाही सांगितलं."

"रेन्झोने पाहिला नाही कधी?"

"बापाला पुरायला आला तेव्हा मोटेलात उतरला. या खोलीत पाय ठेवला नाही." ती थप्पीवरची धूळ बोटाने पुसत राहिली. "दर रविवारी फोन करतो, वॉल. म्हणतो, माझी कॉमिक्स ठीक आहेत ना? मी म्हणते, आहेत. मग तो म्हणतो, बरं, ठेवतो. झालं. दुसरं काही विचारत नाही. मग ही नासली असं कळल्यावर तो फोन कशाला करेल?"

"तुझा मुलगा गाढव आहे."

"आहे," ती म्हणाली. "पण फोन करतो."

मी बाह्या सरसावल्या.

आधी सगळी कॉमिक्स माझ्या दुकानामागच्या एसीच्या खोलीत सुटीसुटी मांडून कोरडी केली. मग रविवारी तिच्या व्हरांड्यात तोंडाला मास्क बांधून दोघं बसलो. मऊ ब्रशने एकेक पान झाडायचं, वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे बुरशी अंगावर येत नाही. वरच्या फळ्यांवरची बरीच बचावली होती. खालच्या साठेक कॉमिक्सची आशा नव्हती. पानं एकमेकांना चिकटलेली, पिना गंजून कागद खाल्लेला. ती मी वेगळ्या खोक्यात टाकत होतो आणि नेरिडा दर वेळी दुसरीकडे बघत होती.

"फोनवर तूच सांग ना त्याला," ती म्हणाली. "तुला नीट समजावता येईल."

"मुलगा तुझा. तू सांग."

फोन वाजला. हात बुरशीने भरलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"आई, माझी कॉमिक्स ठीक आहेत ना?"

"आहेत," ती सवयीने म्हणाली.

मी ब्रश खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"नाहीत रे," ती म्हणाली. "बुरशी लागली. साठेक गेली. तो पाणबुड्यासुद्धा."

"कशी लागली? छत गळतंय का?"

"छत चांगलंय. मी दिवा बदलला. नवा तापत नाही, मला कळलंच नाही."

"कुठला दिवा?"

"तुझ्या कपाटातला."

"माझ्या कपाटात दिवा नाहीये."

"आहे. बाबांनी लावला होता. तू गेल्यावर."

पलीकडे कसलं तरी यंत्र घरघरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. फोन कटला असं वाटून नेरिडा वाकली, तेवढ्यात तो बोलला.

"किती वॉटचा?"

"आधी शंभरचा होता. मग म्हणाले, फार तापतो, कागद पिवळा पडेल. मग साठचा लावला."

"उघडाच?"

"नाही, तारेची जाळी केलीये भोवती."

"जाळीला अर्थिंग आहे?"

"मला काय ठाऊक! हा वॉल बसलाय इथे. वॉल, आहे का?"

"आहे," मी ओरडून सांगितलं. "हिरवी वायर नीट जोडलीय. काम चोख आहे."

"बाबांना वायरिंग येत नव्हतं," रेन्झो म्हणाला.

"तुझं पहिल्या वर्षाचं पुस्तक इथेच राहिलं होतं ना," नेरिडा म्हणाली. "ते घेऊन बसायचे. चष्मा लावून."

घरघर मागे पडली; तो बाजूला गेला असावा. मग तो म्हणाला, "तो शेवटचा दिवा कुठाय? बाबांचा."

"तो फ्यूज झाला होता रे. टाकला मी."

"टाकलास?"

साठ कॉमिक्स नासल्याचं ऐकून त्याचा आवाज हलला नव्हता. तो आता फुटला. नेरिडाने मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि "मला काय माहीत," एवढंच म्हणत राहिली. मी उठून आत गेलो आणि चहाचं पाणी ठेवलं. पाणी उकळलं, चहा झाला, तरी "बरं, ठेवतो" काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन गेलो. पिशव्या महागातल्या, रेन्झोने तसं सांगितलं होतं. शिवाय पांढरे पुठ्ठे, लांब पेट्या, आणि दिव्याऐवजी कपाटात मागच्या बाजूला बसवायची एक गरम होणारी नळी. पेटी सरकवून पाहिली तर आत जाईना. जाळी आडवी येत होती.

"ही काढून टाकू," मी म्हणालो. "आता तिचा उपयोग नाही." मी खिशातून पेचकस काढला.

"जाळीला हात लावायचा नाही," नेरिडा म्हणाली.

"अगं, पेटी बसत नाहीये."

"न बसू दे. रेन्झो ऑगस्टमध्ये येतोय. म्हणाला, ती जाळी जशी आहे तशी ठेव, कोणाला काढू देऊ नकोस."

"इथे उतरणार की मोटेलात?"

"या खोलीत. पलंगावरची गादी उन्हात घालायला सांगितलीये." तिने खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस पडतच होता. "कुठलं ऊन आणू आता?"

मी पेचकस खिशात घातला, लांब पेट्या पुन्हा गाडीत टाकल्या आणि दुकानात जाऊन आखूड घेऊन आलो.