विजेचं अंतर सांगणारी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. पण वेळ सांगणं हे माझं निम्मंच काम. माझ्या तबकडीवर दोन लहान वर्तुळं आहेत, मधोमध एक लांब, बारीक काटा आहे आणि चावीच्या वर-खाली दोन कळा आहेत. वरची कळ दाबली की लांब काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो. खालची दाबली की मुकाट्यानं आपल्या जागी परततो.

माझ्यासारखी घड्याळं एकाच कारखान्यातून पुष्कळ निघाली. लांबून पाहाल तर सगळी सख्खी भावंडं. फरक असतो तो तबकडीच्या काठावर. कुणाच्या काठावर गाडीचा वेग मोजायचे आकडे, कुणाच्या काठावर नाडीचे ठोके. माझ्या काठावर निळ्या शाईत किलोमीटरचे आकडे होते. लांबवर तोफ उडाली की उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. उजेड दिसताच कळ दाबायची, आवाज येताच पुन्हा दाबायची. काटा ज्या आकड्यावर थांबेल तितके किलोमीटर ती तोफ लांब.

म्हणूनच मी तोफखान्यातल्या एका हवालदाराच्या मनगटावर होतो. त्यांचं नाव राधाकिसन. १९८१ साली ते फौजेतून सुटून जालन्याकडच्या टेंभुर्णीजवळ आपल्या गावी आले. त्यांचे थोरले भाऊ धुळाजी मेंढरं राखत. आल्या दिवशीच त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"येवढे काटे कशाला रे? येळ सांगायला दोन बास न्हाईत का?"

राधाकिसन यांनी तोफेची गोष्ट सांगितली. धुळाजींनी वरची कळ दाबून काटा धावताना पाहिला. मग हळूच म्हणाले, "मंग इजेचं बी सांगन का हे?"

मित्रांनो, मला घडवणाऱ्यांच्या मनातही हा प्रश्न आला नसेल. धुळाजींच्या मनात आला, कारण आदल्या वैशाखात त्यांचा मेंढरांमागचा जोडीदार माळावर विजेनं गेला होता.

"सांगन की, दादा. बराबर सांगन," राधाकिसन म्हणाले आणि त्यांनी मला आपल्या मनगटावरून काढून भावाच्या मनगटावर बांधलं. "मला आता कुठं तोफा ऐकायच्यात!"

धुळाजी शाळेत गेले नव्हते, पण आकडे ओळखत. त्यांनी एकच आडाखा बांधला : आकडा चढला, ढग गेला, आकडा उतरला, ढग आला. आकडा उतरू लागला की ते झाडाखालची मेंढरं हाकून सखल जागी नेत. एकदा पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेवर काही बाया वाऱ्यावावधानात चिंचेखाली थांबल्या होत्या. धुळाजींनी ओरडून त्यांना तिथून काढलं. बाया कुरकुरतच निघाल्या, आणि थोड्याच वेळात ती चिंच उभी चिरली. तेव्हापासून आभाळ भरून आलं की वाटेनं जाणारा विचारी, "धुळाजी, घडी काय म्हणती?"

ते माझे मानाचे दिवस होते.

पण घाम, धूळ आणि लोकरीचा ओशटपणा माझ्या आत झिरपत गेला. पांढरी तबकडी चहाच्या रंगाची झाली. निळे आकडे डागांखाली दिसेनासे होऊ लागले. धुळाजींची लेक कांता तोवर अंगणवाडीत सेविका झाली होती. बाप डोळे बारीक करून माझ्याकडे बघतो, हे तिला बघवेना. एकदा बैठकीसाठी जालन्याला जाताना तिनं मला सोबत नेलं आणि तातेराव घड्याळजींच्या पुढ्यात ठेवलं.

"तबकडी पार गेली, बाई," तातेराव म्हणाले. "ह्याच मापाची चांगली हाय माझ्याकडं. काटे बी बदलतो. नवंकोरं दिसन."

"चालन ना पण बराबर?"

"बिलकुल!"

ते खोटं बोलले नाहीत. मी बरोबरच चालू लागलो. पण काठावरचे आकडे काय सांगतात, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. माझी तबकडी एका डब्यात पडली आणि माझ्यावर दुसरीच आली, गाडीचा वेग मोजणारी.

धुळाजी लेकीवर खूश झाले. "आता कसं लख्ख दिसून राह्यलं!" आकडे शेकड्यांत गेलेले त्यांना दिसले, पण त्यांना वाटलं, नव्या तबकडीचा हिशेब नवा असेल. चढ-उतार तर तोच ना?

तोच नव्हता, मित्रांनो. वेगाच्या तबकडीवर आकडे उलटे मांडलेले असतात. काटा जितका कमी धावेल, तितका आकडा मोठा.

त्या वैशाखात धुळाजी आणि त्यांची बायको बायनाबाई मेंढरं घेऊन माळावर होते. आभाळ काळवंडलं. वीज चमकली, धुळाजींनी कळ दाबली. काटा दोनशेवर थांबला. पुढच्या वेळी तीनशेवर.

"चढून राह्यला आकडा. ढग चालला," ते म्हणाले.

"आवाज तर जवळ वाटून राह्यला," बायनाबाई म्हणाल्या.

"घडी कधी खोटं बोलली का आजवर?"

मला ओरडावंसं वाटलं. पण मला आवाज होता तो फक्त टिकटिकीचा. काटा चारशेवर थांबला तेव्हा धुळाजी निर्धास्त होऊन बाभळीकडे वळले. त्यानंतरच्या विजेला कळ दाबायची गरजच पडली नाही. उजेड आणि आवाज एकदमच आले.

बायनाबाई वाचल्या. धुळाजीही वाचले, पण त्यांचा उजवा कान कायमचा गेला. बाभळीखाली निम्मा कळप निपचित पडला होता.

राधाकिसन धावत आले. भावाच्या उशाशी बसून त्यांनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कांते, ही तबकडी आपली न्हाई."

उलट्या आकड्यांचं सगळं ऐकल्यावर कांता म्हणाली, "मंग हे माझ्यामुळं झालं, काका."

खाटेवरून धुळाजी म्हणाले, "एकटीमुळं न्हाई, पोरी. आकडे बदलले कसे, हे म्या तरी कुठं इच्यारलं?"

काका-पुतणी जालन्याला गेले. हकीकत ऐकताना तातेरावांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्यांनी डबा कागदावर उपडा केला. साऱ्या तबकड्या एका मापाच्या, सगळ्यांवर दोन-दोन वर्तुळं. उलट्या आकड्यांच्या राधाकिसन यांनी बाजूला सारल्या. किलोमीटरच्या दोन उरल्या, दोन्ही सारख्याच डागाळलेल्या.

"हिच्यावर ही सावली कशाची?" कांतानं विचारलं.

तातेरावांनी डोळ्याला भिंग लावलं. माझे जुने काटे अंधारात चमकणाऱ्या मसाल्याचे होते. फौजेच्या ट्रंकेत मी खूप दिवस बंद पडून होतो, तेव्हा काट्यांखालची तबकडी त्या मसाल्यानं करपली होती. तातेरावांनी डब्यातून मसाल्याचे ते दोन काटे शोधले आणि त्या तपकिरी सावलीवर धरले. तंतोतंत बसले.

"हीच ती," ते म्हणाले. "पण आता हिला धुणार न्हाई. धुतली तर डागासंगं आकडे बी जातील." त्यांनी मऊ कुंचल्यानं नुसती धूळ झाडली आणि तीच माझ्यावर परत बसवली. डब्यातला जुना लांब काटा मात्र मोडला होता. त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा तांबडा काटा आला.

बरेच दिवस धुळाजींनी मला हात लावला नाही. मीही त्यांना दोष दिला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ जरूर पुसा. पण ती बदलायच्या आधी, ती वापरणाऱ्याला एकदा विचारा की तो तिच्यात काय वाचतो. आमचा डाग आणि आमचा आकडा शेजारीशेजारीच असतात.

पुढच्या वैशाखात अंगणवाडीला सुट्टी लागली आणि कांता बापाबरोबर माळावर आली. तिनंच मला त्यांच्या मनगटावर बांधलं. दुपारी पश्चिमेकडे वीज चमकली. धुळाजींनी कळ दाबली. लांबची गडगड आता त्यांना नीट ऐकू येत नव्हती. कांता त्यांच्या खांद्यावर तळवा ठेवून, मान कलती करून ऐकत उभी होती. आवाज येताच तिनं खांदा दाबला. त्यांनी कळ दाबली. पुन्हा वीज, पुन्हा खांदा, पुन्हा कळ.

"उतरला गं," धुळाजी म्हणाले.

"व्हय आबा, उतरला," कांता म्हणाली आणि पदर खोचून मेंढरं वळवायला पळाली.