ज्याची त्याची मेमरी

"सर्व्हर परत बसला," रामचंद्र लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला.

त्याची बायको किशोरी बोटीत खायला घावने बांधत होती. "उठेल. नेहमी उठतो. तुम्ही आंघोळ उरका, रिक्षा येईल."

तेवढ्यात फोन वाजला. चुलतभाऊ काळूरामचा होता.

"दादा, साईट उघडत न्हाय. आज शनिवार हाय. पाव्हणे काय समुद्रातनं यायचे?"

"बघतोय रे."

"बघ. आणि आज कुठं जाऊ नको बाबा."

नागावातल्या रामचंद्राच्या सगळ्या भाऊबंदांच्या होमस्टेंच्या वेबसाइट एकाच लहानशा भाड्याच्या सर्व्हरवर होत्या. तो सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर त्याने जाड पुस्तकं आणून हे शिकून घेतलं. आपल्याला ते नीट येतं, असं मात्र त्याला अजून वाटत नसे. सर्व्हरची मेमरी भरली की यंत्रणा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोग्रॅमला बंद पाडी, आणि तो नेमका बुकिंगचा डेटाबेस असे. मग सगळ्यांच्याच साईट एकदम जात. हे बहुधा सुट्टीच्या दिवशी होई. म्हणून सुट्टीच्या दिवशी रामचंद्र घर सोडत नसे. पुतण्याच्या लग्नातही तो मांडवात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता, आणि अक्षता टाकायच्या राहून गेल्या होत्या.

आता बंगळूरला मनाली, त्यांची एकुलती मुलगी, बाळंत व्हायची होती. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे तिला माहेरी येता आलं नव्हतं. "आई येईलच हो," ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही या." दुपारचं विमान होतं, आणि त्याआधी मांडव्याहून बोट.

त्याने डेटाबेस पुन्हा चालू केला. साईट उघडल्या. पण दुपारी गर्दी वाढली की पुन्हा हेच होणार, आणि तेव्हा आपण विमानात असणार, हे त्याला दिसत होतं.

दुखणं कुठे आहे तेही त्याला ठाऊक होतं. प्रत्येक साईटसाठी सर्व्हरवर वेगळ्या प्रोसेस, म्हणजे साईट उघडून देणारे चालू प्रोग्रॅम, राखून ठेवल्या होत्या. साईट कोणी उघडो न उघडो, त्या आपापली मेमरी अडवून बसत. सगळ्यांसाठी त्या एकत्र ठेवल्या, आणि साईटवर कोणी आलं तरच एखादी चालू केली, तर आहे ती मेमरी पुरून उरली असती. पण भाऊबंदांना ज्याचं त्याचं वेगळं हवं होतं. मोठा सर्व्हर घेऊ म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघत. वाडीतल्या सामाईक विहिरीचंही असंच होतं. पंपाच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. माडाची आळी तुडुंब भरली तरी काळूराम आपल्या पाळीत पंप बंद करत नसे. पाणी वाहून ओहोळाला जाई.

आज रामचंद्राने सगळं एकत्र केलं. निम्म्याहून अधिक मेमरी मोकळी झाली. आकडा खरा वाटेना, म्हणून त्याने पुन्हा तपासला.

"निघू आपण," तो म्हणाला.

"खरंच?" किशोरी हात पुसत बाहेर आली.

आंघोळ करून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मग फोन हातात घेऊन तो भाऊबंदांच्या ग्रुपवर लिहू लागला, की आजपासून सगळ्यांसाठी एकत्र सोय केली आहे.

"कशाला सांगताय? कुणाला कळणारसुद्धा नाही."

"न सांगता केलं तर बरं दिसत नाही गं."

रिक्षाच्या आधी काळूरामची स्कूटर आली. तो गाडीवरून उतरलाही नाही.

"माझं वेगळं होतं ते कुठं गेलं, दादा?"

"गेलं नाही रे. एकत्र आहे. तुला लागेल तेव्हा मिळेल."

"आणि गोदूवहिनीकडं गर्दी झाली म्हणजे? तिच्या पाव्हण्यांत माझे अडकले तर?"

"अडकत नाहीत. काळू, सगळ्यांना पुरतंय."

"पुरतंय तर माझं मला वेगळं दे की. तुझं काय जातं?"

याला उत्तर होतं. रामचंद्राने ते मनात जुळवलंही. पण काळूरामच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना. त्याने लॅपटॉप उघडला आणि काळूरामचं वेगळं करून दिलं.

"आता कसं," म्हणत काळूरामने ग्रुपवर तसं टाकलं आणि स्कूटर वळवली. तो कोपऱ्यावर पोचला नसेल तोच वारलेल्या चुलतभावाच्या बायकोचा, गोदूचा, फोन आला.

"भावोजी, काळूला येगळं दिलंत म्हणं. माझं काय घोडं मारलं?"

"तसं नाही वहिनी..."

"माझा नवरा न्हाय भांडायला, म्हणून ना?"

तिचंही वेगळं झालं. मग बाकीच्यांचे फोन येऊ लागले. मेमरी भरत आली.

दारात रिक्षाचा हॉर्न वाजला.

"तिकडून नाही का बघता येणार?" किशोरीने विचारलं.

"विमानात असताना पडला तर?"

"तुम्हाला सर्व्हर अडवत नाही," ती म्हणाली. चिडून म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"सोमवारी निघतो मी. गर्दी ओसरली की लगेच."

"बरं."

दोघांची मिळून एकच बॅग होती. किशोरीने ती ओटीवर उघडली. त्याचे शर्ट, पायजमे, वाचायला घेतलेलं पुस्तक एकेक करून बाहेर काढलं आणि नीट रचून खुर्चीवर ठेवलं. बॅगेची एक बाजू रिकामी झाली. मग ती आत गेली. जागा नाही म्हणून मागे ठेवलेली जुन्या साड्यांची दुपटी तिने आणली आणि त्याच्या जागेत दाबून बसवली. चेन सहज लागली.