तळ्यावरचे कणकेचे गोळे

ईश्वरीला त्या तळ्याचा मनस्वी राग होता. गावाला नळानं पाणी जातं ते ह्याच तळ्यातलं, आणि ह्याच्याच पाळीवर नगरपालिकेनं बाकडी टाकून बाग केलेली. सकाळी फिरायला येणाऱ्या गावाच्या तोंडाला मग दुसरं काम कशाला हवं! 'माशांना काही टाकू नये' अशी पाटी होती. नेमकं त्या पाटीखालीच उभं राहून ईश्वरीचे वडील, विष्णुपंत गुरुजी, रोज कणकेचे गोळे पाण्यात सोडायचे. का, तर पोरीचं लग्न जमावं म्हणून. ज्योतिष्यानं सांगितलेला तोडगा. आणि हे ते दिसेल त्याला सांगायचे, न विचारता!

परवा तर तिच्या शाळेतच एका मास्तरानं विचारलं, "मासे काय म्हणायलेत मॅडम?" सगळे फिदीफिदी हसले. ईश्वरीचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती तळ्यावर थडकली.

"अण्णा, डबा द्या इकडं. बास झाला हा तमाशा."

"तमाशा? तुझ्यासाठीच करायलोय ना मी?" विष्णुपंतांनी चारचौघांत आवाज चढवला. "स्थळं काय वाटेवर पडलीत? परभणीचं एक आलं, त्यांनीबी नाही म्हणलं!"

कावेरीकाकू मागच्याच बाकड्यावर बसल्यात, हे त्यांना कुठं माहीत! परभणीचा तो मुलगा, नचिकेत, काकूंचाच भाचा. त्या ताडकन उठल्या.

"गुरुजी, जिभेला काही हाड? आमचा नचिकेत एका पायावर तयार होता. पत्रिका जुळत नाही म्हणून तुम्हीच फोन केला. आम्ही किती विनवलं तुम्हाला! आता त्याला लेकरू झालं."

ईश्वरी वडिलांकडं बघतच राहिली. 'मुलगी पसंत नाही म्हणाले,' असं त्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून ती आरशापुढं उभी राहायची बंद झाली होती. म्हणजे हे मासे, हे गोळे, सगळी गावाच्या डोळ्यांत धूळ!

"काकू खोटं बोलायल्यात का, अण्णा?"

विष्णुपंतांनी एक गोळा उचलला, परत डब्यात ठेवला. फिरणारे सगळे थांबलेले. एक मेला पुढं हलेना.

"तुझी आई गेलेली," ते पुटपुटले. "तू पण गेली असतीस, तर माझं कोण होतं गं?"

"आता तरी कोण आहे?" ईश्वरी म्हणाली, आणि गर्दीतून वाट काढत फाटकाकडं चालू लागली.