दहा मीटर जागा

गावाचं नाव सांगत नाही. शेणव्याच्या पुढं, रस्त्याला लागून असलेलं लहानसं गाव आहे; नाव घेऊन सगळ्यांचीच अब्रू कशाला काढायची? पण त्या गावाच्या फाट्यावर फेब्रुवारीत लागलेला बॅनर शहापूरला जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिला असणार. 'गावाची लेक, तालुक्याची शान!' वर हात जोडलेले पुढारी, खाली गावकीतल्या मंडळींचे गॉगल लावलेले चेहरे, आणि डाव्या कोपऱ्यात, ओळखपत्रावरच्या फोटोएवढी, प्रियांका. एअर रायफलच्या नेमबाजीत ती जिल्ह्यात पहिली आली होती.

"माझी पोर बघायला भिंग आणायला पायजे," तिची आई मीना बॅनरखाली उभी राहून म्हणाली. एसटीची वाट बघणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणाली. मीनाचं सगळं असंच. पोटात एक आणि ओठात एक हा प्रकार तिच्या घराण्यात नव्हता. नवरा कमळाकर पडघ्याच्या गोदामात कामाला, तो सकाळी जाई आणि रात्री येऊन मुकाट्यानं जेवे. त्याच्या वाटणीचं बोलणंही तीच बोलून घेई.

प्रियांका बापावर गेली होती. कॉलेजात शिकायची आणि आठवड्यातून चार दिवस किन्हवलीवरून मुरबाडला जायची. तिथं साईनाथ सर नावाच्या माणसानं भाड्याच्या शेडमध्ये रेंज चालवली होती. त्याच महिन्यात शेडच्या मालकानं ती मंडपवाल्याला दिली. लग्नसराई तोंडावर, मालकाला नेमबाजीपेक्षा खुर्च्या आणि झुंबरं परवडत होती. सरांनी क्लबची एक जुनी रायफल प्रियांकाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "राज्य स्पर्धा मे महिन्यात आहे. तोवर रोज हात चालला नाही तर जाऊच नकोस. घराजवळ जागा बघ. दहा मीटर सरळ, मागं भिंत. वारा नको आणि मधून कोणी जायला-यायला नको. आणि छर्रे गोळा करायला पेटी लाव."

दहा मीटर म्हणजे किती? मीनानं अंगणात पावलं टाकून बघितलं आणि तिला हसूच आलं. एवढ्याशा जागेसाठी पोर रडवेली झाली होती! गावात समाजमंदिर होतं, लांबलचक, पत्र्याचं, वर्षातले बरेच दिवस कुलपात. मीनानं पदर खोचला आणि महिपतकडे गेली.

महिपत म्हणजे गावकीचा म्होरक्या. भावकीतलाच, नात्यानं मोठा दीर. समाजमंदिराची किल्ली त्याच्या कमरेला असे.

"दादा, बॅनर लावलात, बरा केलात," मीना म्हणाली. "आता तेवढी समाजमंदिराची किल्ली द्या. पोर संध्याकाळची तासभर सराव करंल."

महिपतनं पान लावायला घेतलं. पान लावून झालं, तोंडात गेलं. मग म्हणाला, "मीने, तिथं देव हाय. देवासमोर बंदूक चालवायची?"

"देवासमोर डीजे चालतो तुमाला. हळदीत पोरं पिऊन लोळतात ती चालतात."

"ती पोरं हायत."

बस. ते तीन शब्द ऐकले आणि मीनाच्या कानातून धूर निघायचा बाकी राहिला. महिपतला काय बोललो ते कळलं की नाही देव जाणे, तो पुढं समजुतीच्या सुरात म्हणाला, "सत्कार करू ना मोठा. शाल देऊ, नारळ देऊ. पण बंदूक म्हंजे बंदूक. घरात आणलीस ती आणलीस, एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल, मंग बोलशील."

"माझ्या पोरीच्या हातानं कोणाचा जीव नाय जायाचा. तुमच्या शालीत गुदमरून गेला तर गेला!" मीना म्हणाली आणि चपला न घालताच तिथून निघाली. चपला नंतर पुतण्याकरवी मागवाव्या लागल्या, त्याचा राग वेगळाच.

शाळेचे गुरुजी 'वरून परवानगी आणा' म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही सांगता येईना. टेकडीच्या पायथ्याला एक मोडकं कुंपण होतं, तिथं मायलेकी पुठ्ठा टांगून बघत होत्या तेवढ्यात वनरक्षक आला. त्याला रायफल दिसली आणि थेट शिकारीचा गुन्हाच दिसला. ही खेळाची आहे, हिनं ससाही मरत नाही, असं प्रियांका हळू आवाजात सांगत होती. मीना मोठ्या आवाजात काय सांगत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघींना परत यावं लागलं. त्याच टेकडीपलीकडं मुंबईकरांचे फार्महाऊस आहेत. तिथं शनिवार-रविवारी फटाके, बार, सगळं वाजतं. तिकडं कोणी वनरक्षक फिरकल्याचं मीनानं तरी कधी बघितलं नव्हतं.

"राहू दे आये," प्रियांका म्हणाली. "नाय जात मी."

"नाय कशी जात? मी जागा दिल्याबिगर राहीन?"

आणि जागा घरातच सापडली. घराच्या मागच्या पडवीला लागून गोठा, पडवीच्या टोकाला परसात भाताच्या पेंढ्याची गंजी. पडवीच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की गंजीपर्यंत बरोब्बर दहा मीटर. मीना स्वतःवरच खूश झाली. हत्तीनं ढुशी मारली तरी गंजी हलणार नाही, आणि छर्रा तर त्यात गेला की गेला.

"सर पेटी लावायला बोलले होते," प्रियांका म्हणाली.

"पेंढ्याहून मोठी पेटी कोणती? अख्खा गाव पेंढ्यावर अंग टाकतो, त्याला काय होतंय?"

भात पिकवणाऱ्या घरात पेंढ्याबद्दल कोणाला शंका येत नाही. गुरांच्या पोटाला पेंढा, पावसात छपराला पेंढा, बाळंतिणीच्या खाटेखाली पेंढा. प्रियांकालाही शंका आली नाही. गंजीवर पुठ्ठा टांगला, त्याला कागदाचं लक्ष्य चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पडवीत सराव सुरू झाला. वारा सुटला की नेम हलायचा, कोंबड्या मध्येच यायच्या, तरी पोर उभी राहायची. कोपर बरगडीला टेकवून, श्वास अर्धा सोडून, पापणी न हलवता. मीना कांदा चिरता चिरता बघायची आणि तिला वाटायचं, ही माझ्या पोटची कशी? माझा तर श्वाससुद्धा भांडत असतो.

मार्च सरला, एप्रिल आला. प्रियांकाच्या कागदावरची भोकं मध्याकडे सरकत सरकत एकात एक मिसळायला लागली. सर फोनवर खूश होते.

मग म्हैस आजारी पडली.

मोरी तिचं नाव. मीनानं पारडी असल्यापासून वाढवलेली, गाभण, पावसाच्या तोंडाला विणार होती. आधी चारा सोडला. मग करकरा दात खायला लागली, तोंडातून लाळ. एके सकाळी मीना गोठ्याच्या दाराशी गेली तर मोरी भिंतीला डोकं दाबून उभी, आणि हाक मारली तर भलत्याच बाजूला तोंड वळवलं. तिला दिसत नव्हतं.

मीनाला महिपतचे शब्द आठवले. एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल. तिच्या डोक्यात त्या शब्दांचा एकच अर्थ लागला आणि लागला तो घट्ट बसला. यानं घातलं काहीतरी. माझं तोंड बंद करायला माझ्या मुक्या जनावराला घातलं!

कमळाकर डॉक्टरला फोन लावत होता. "डॉक्टर बघू दे आधी," तो म्हणाला. वर्षाकाठी तो जी दोन-चार शहाणपणाची वाक्यं बोले त्यातलं ते एक. पण मीना केव्हाच बाहेर पडली होती.

समाजमंदिरात महिपतच्या पुतणीची हळद होती. ढोल चालू, बायका नटलेल्या, नवरीच्या गालाला हळद लागत होती. मीना शेणाच्या हातानं तशीच आत घुसली. ढोलवाल्यानं तिचा चेहरा बघितला आणि हात थांबवला.

"महिपतदादा! माझी म्हैस मारलीत. गाभण म्हैस! किल्ली मागितली म्हणून इख घातलंत? तुमच्या घरात पोर हळदीला बसलीय आणि तुमी दुसऱ्याच्या गोठ्यात इख घालता?"

नवरी रडायला लागली. बायकांनी मीनाला धरून बाहेर काढलं, तरी ती रस्त्यावरून बोलतच होती, आणि जे बोलली ते सगळ्या गावानं ऐकलं.

घरी आली तर गुरांचे डॉक्टर मोरीच्या गव्हाणीत हात घालून उभे होते. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर करडे, चेपलेले, मसुराच्या डाळीएवढे दाणे.

"हे काय आहे?"

प्रियांकानं एक दाणा उचलून बघितला. "माझा छर्रा," ती म्हणाली.

"शिसं आहे हे," डॉक्टर म्हणाले. "पेंढ्यातून पोटात गेलंय. एक-दोन नाही, कित्येक दिवस खातेय ही."

रोज पहाटे मीना गंजीच्या पुढच्या बाजूनं पेंढा उपसायची. पुढची बाजू हाताशी होती, छर्र्यांनी सैल झालेली होती, पेंढा पटकन निघायचा. अंधारात गव्हाणीत टाकायची आणि मोरीच्या पाठीवर थाप मारायची. तिच्याच हातानं. महिपतच्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्याही नव्हे.

डॉक्टरांनी सुया दिल्या. मोरी तिसऱ्या दिवशी गेली, पोटातल्या जिवासकट. कमळाकरनं जेसीबी बोलावून तिला पुरलं आणि छर्र्यांचा पेंढाही वेगळा खड्डा खणून पुरला. प्रियांकानं रायफल पुसली, कापडात गुंडाळली आणि एसटीनं सरांना परत द्यायला निघाली. मीनानं ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि फळीवर ठेवली. तोंडातून शब्द काढला नाही. पोरीला आईच्या शिव्यांची सवय होती, या गप्प बसण्याची नव्हती.

गावकी बसली. खोटा आळ घेतला, तोही हळदीच्या मांडवात; त्याला त्या गावात एकच रीत. गावदेवीपुढं नारळ ठेवायचा आणि सगळ्यांदेखत चूक कबूल करायची. मीना गेली. नारळ ठेवला.

"महिपतदादांनी काय केलं नाय," ती म्हणाली. "माझ्या हातानं झालं. पोरीचा हळदीचा दिवस नासवला, त्याची माफी मागते."

मंडळी सैल झाली. कोणीतरी तंबाखू मळायला घेतली. महिपत तर एकदम मोठ्या मनाचा झाला. बाईचं नाक खाली झालं की काही माणसांचं मन असं मोठं होतं. त्यानं कमरेची किल्ली सोडली आणि पुढं धरली.

"घे मीने. झालं गेलं गंगेला मिळालं. पोर करू दे सराव. लग्नाचे दिवस सोडून, आणि आमच्यातला एक माणूस लक्ष ठेवायला बसंल. गाव काय परका हाय का?"

मीनानं किल्लीकडं बघितलं. तेवढीशी पितळेची किल्ली. ही फेब्रुवारीत मिळाली असती तर मोरी आज रवंथ करत बसली असती. चूक आपली होती, ती तिनं देवीपुढं कबूल केली होती, शब्द मागे घेणार नव्हती. पण मग या माणसाची काहीच नव्हती? त्याला कोण नारळ ठेवायला लावणार? इतका राग तिला हळदीच्या दिवशीही आला नव्हता. तेव्हाचा राग आंधळा होता. हा डोळे उघडून आलेला होता.

"माझ्या वाटणीची माफी मी मागितली," ती म्हणाली. "तुमच्या वाटणीची तुमी बघा. मागितली तेवा दिली नाय ना, आता म्हैस खाऊन देता? ठेवा तुमच्याकडंच. माझ्या पोरीला जागा मिळाली."

"कुठं मिळाली?" महिपत म्हणाला. पण ती वळली होती.

घरी येऊन तिनं पहार घेतली आणि गोठ्यात शिरली. गव्हाण फोडली. दावणीचा खुंटा हलवून हलवून उपटला. जमीन खरवडून काढली, शेणानं सारवली. कमळाकर दारात आला, बघत उभा राहिला, मग काही न विचारता त्यानं पत्र्याचा जुना डबा आडवा कापला आणि दारापासून दहा मीटर मोजून मागच्या भिंतीवर, छर्रे झेलायला, ठोकून बसवला. मीनानं फळीवरून रायफल काढली आणि पोरीपुढं धरली.

"मी नाय मारणार इथं," प्रियांका म्हणाली. ती रडत होती. "आये, तिच्या जागेवर नाय."

"मारशील. नायतर ती कशाला मेली? नुसती मरायला?" मीनाचा आवाज गावभर गेला असेल. "रडायचं तर बाहेर रड. डोळे पुस आणि उभी राह!"

प्रियांका उभी राहिली. पाय रोवले, पुन्हा सोडले, पुन्हा रोवले. बराच वेळ रायफल वर-खाली होत राहिली. मग खांदा स्थिर झाला, अर्धा श्वास सुटला आणि डब्यात ठण्ण आवाज झाला. ती जवळ जाऊन कागद बघून आली. परत येताना तिनं सवयीनं वर पत्र्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, भिंत हातानं चाचपली. खेळात खोटं बोलायचं नाही हे सरांनी तिच्या अंगात मुरवलं होतं.

"वारा नाय लागत," ती हळूच म्हणाली. "उजेड पण सरळ येतोय. जागा चांगली हाय, आये."

मीनाला वाटलं, पोरीच्या थोबाडीत एक ठेवून द्यावी. निदान आजचा दिवस तिनं जागा वाईट आहे असं म्हणायला हवं होतं.

"मंग मार ना," ती म्हणाली. "थांबलीस कशाला?"