फळीसमोरचा कढीपत्ता

"अजून एकदाच," उत्तरा म्हणाली. "तू खालून उचल, मी आतून ओढते."

विश्वजितने कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे नुसतं पाहिलं. सकाळपासूनचा हा चौथा प्रयत्न होता. कढीपत्त्याचं पिंप बाल्कनीच्या दाराच्या उंच उंबऱ्याला जे अडलं होतं, ते तसूभर हलायला तयार नव्हतं. बाकीच्या छत्तीस कुंड्या आत आल्या होत्या. बाथरूममध्ये अळू, वॉशिंग मशीनवर ओवा, जेवणाच्या टेबलाखाली गवती चहा. तुळस टॉयलेटमध्ये ठेवायला उत्तराने साफ नकार दिल्यामुळे ती टीव्हीच्या शेजारी विराजमान झाली होती. घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी वादळ येणार होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. जपानी टीव्हीवरचा निवेदक तीन दिवस एकच धोशा लावून होता, जीव वाचवायची तयारी ठेवा. महिन्याभरापूर्वीच्या वादळाने चिबा प्रांताच्या दक्षिणेला घरांची छपरं उडवली होती आणि तिथे अजून निळ्या ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. आज त्यांच्या इचिकावा शहरातल्या ट्रेन बंद होत्या. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, पावाचा तुकडा उरला नव्हता, आणि काचांवर लावायची चिकटपट्टी तर गुरुवारीच संपली होती.

"राहू दे ना बाहेर," विश्वजित म्हणाला. "झाड आहे ते. वादळ झाडांना नवीन नाही."

उत्तरा दोरी शोधू लागली. हे त्याला समजावून सांगायचा कंटाळा तिला आता आला होता.

ते झाड मुळात तिचं नव्हतंच. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये भूकंपानंतर चौथ्या दिवशी तिची मैत्रीण सिंधू कडेवर पोर आणि हातात एक बॅग घेऊन विमानतळावर निघाली, तेव्हा तिने हे वीतभर रोप उत्तराच्या हातात दिलं होतं. परत येईपर्यंत सांभाळ म्हणाली आणि परत आलीच नाही. विश्वजितला त्याचं प्रोजेक्ट सोडेना, म्हणून उत्तराही राहिली. त्या वसंतात दिवसातून दहादा जमीन हलायची, आणि न हलतानाही हलल्यासारखी वाटायची. मग ती रोपाकडे बघायची. पानं हलत असली तर धक्का खरा, स्तब्ध असली तर आपल्याच डोक्यातला. कित्येक महिने तिने त्या पानांच्या भरवशावर काढले होते.

पुढच्या आठ हिवाळ्यांत तिने त्याला फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचा तंबू करून दिला, आत रबरी पिशव्यांत गरम पाणी ठेवलं. आता ते तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. इचिकावातल्या अकरा मराठी घरांची फोडणी त्याच्यावर चालायची. दर शनिवारी कोणी ना कोणी दारात यायचं, दोन डहाळ्या न्यायचं, चहा पिऊन जायचं. डबे भरायच्या कारखान्यात ती टोपी आणि मास्कमागची चौदा नंबरची बाई होती. इथे मात्र तिच्या हातचं काहीतरी लोकांना हवं होतं.

झाड जगलं याचं अर्धं श्रेय जागेचं होतं. बाल्कनीच्या टोकाला, शेजारच्या एंडो-सान आजींच्या बाल्कनीला लागून एक पातळ पांढरी फळी होती. तिच्यामुळे त्या कोपऱ्यात वारा लागत नसे. फळीवर लाल अक्षरांत सूचना होती. संकटकाळी ही फळी फोडून शेजारी जाता येईल, हिच्यासमोर काहीही ठेवू नये. पहिल्या वर्षी उत्तराला ती वाचता येत नव्हती. तिसऱ्या वर्षी वाचता आली, तोवर झाड त्या कोपऱ्यात रमलं होतं. अग्निशमनाच्या तपासणीच्या दिवशी ती दोन तास कुंडी सरकवायची, आणि माणूस गेला की पुन्हा जागेवर आणायची. गेल्या वर्षी पिंप हलेना, तेव्हा तिने पुढ्यात चादरी वाळत घातल्या. माणसाने चादरींकडे पाहिलं, कागदावर खूण केली आणि तो गेला. आपण काही फार वाईट करतोय असं तिला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"कोपऱ्यात परत ढकलू," ती म्हणाली. "फळीला टेकवून बांधू, पुढे मातीची पोती लावू."

"फळीला टेकवून? अगं, तो एमर्जन्सी एक्झिट आहे."

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे, विश्वजित. तेवढ्यात कोण फळी फोडायला येतंय?"

त्याने मान हलवली, पण ढकललं. उत्तराने दोरीचे चार वेढे घालून झाड कठड्याला आवळलं आणि मातीची सहा पोती पिंपापुढे रचली.

चारनंतर वारा सुटला. पाऊस आडवा येऊन काचेवर आपटू लागला आणि मोबाइलवर नदीच्या पातळीचे इशारे वाजायला लागले. विश्वजित टीव्हीसमोर बसला. उत्तरा कुंड्यांमधून वाट काढत काचेपाशी गेली, पण बाहेर पांढऱ्या पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता. टक, टक, टक. थोडा वेळ शांत. पुन्हा टक, टक, टक.

झाडाच्या आधाराची काठी फळीवर आपटतेय, असं तिने ठरवून टाकलं. उलट तिला बरंच वाटलं, कारण आवाज येतोय तोवर पिंप जागेवर होतं. तिने चहा टाकला, गवती चहाची दोन पातीही घातली. अर्धा तास तो आवाज असाच चालला होता.

विश्वजितने एकाएकी टीव्ही बंद केला. "उत्तरा, काठी तीनदाच वाजून थांबत नाही."

दोघं रेनकोट चढवून बाहेर आले. वाऱ्याने उत्तराला भिंतीवर दाबलं. ती गुडघ्यांवर बसून कशीबशी कोपऱ्यापर्यंत सरकली आणि तिने फळीखालच्या फटीतून पलीकडे पाहिलं. पाण्यात दोन पाय होते, निळ्या मोज्यांतले, एकमेकांना चिकटून उभे. एंडो-सान त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि एकट्या राहत होत्या.

उत्तराने त्यांचं नाव घेऊन हाक मारली. फळीवर पुन्हा तीनदा वाजलं, आता फार हळू.

विश्वजित पोती मागे फेकू लागला. तिसरं फेकताना त्याच्या पाठीत चमक आली आणि तो कळवळून खाली बसला. उत्तराने आतून कात्री आणून दोऱ्या कापल्या. मग दोघांनी मिळून पिंपाला रेटा दिला, पण भिजलेल्या मातीने ते दुप्पट जड झालं होतं.

"हे सरकणार नाही," विश्वजित ओरडून म्हणाला. "आडवं पाडावं लागेल."

"मोडेल ते."

पलीकडचा आवाज थांबला होता. उत्तराने त्या थांबण्याकडे एक क्षण कान दिला, मग खांदा लावला आणि सगळा जीव एकवटून पिंप लोटून दिलं. ते कलंडलं. खोड कठड्यावर आपटलं आणि बुंध्यापाशी मोडलं. त्या पावसातही कढीपत्त्याचा वास भपकन आला.

विश्वजितने तिसऱ्या लाथेत फळी फोडली. भोकातून आधी एक सुरकुतलेला हात आला, मग पांढरं डोकं. उत्तराने त्यांना काखेत धरून ओढून घेतलं. सांडलेल्या मातीवरून रांगत येताना एंडो-साननी आडवी आलेली एक फांदी हाताने बाजूला केली, पाय पडू नये म्हणून. दाराशी थरथरत थांबून त्यांनी ओले मोजे काढले, घडी करून हातात धरले आणि मगच त्या आत आल्या.

गरम पाणी, टॉवेल, उत्तराची शाल, चहा. तासाभराने त्यांच्या ओठांना रंग आला, तेव्हा त्यांनी थोडक्यात सांगितलं. कपडे वाळत घालायची काठी खडखडत होती, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती आत घ्यायला त्या बाहेर गेल्या. वाऱ्याने दार आपटलं आणि आतली कडी आपोआप पडली.

"पण तुम्ही फळी का नाही फोडलीत?" उत्तराने तिच्या मोडक्या जपानीत विचारलं. "मोठ्याने हाक तरी मारायची."

एंडो-सान अवघडल्या. पलीकडे झाड आहे हे त्यांना ठाऊक होतं, रोज सकाळी त्याचा वास त्यांच्याकडे यायचा. फळी तुटून झाडावर पडली तर ते मोडेल, म्हणून त्यांनी दार ठोठावावं तशी फळी ठोठावली होती. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं.

"झाडाला फार लागलं का?" त्यांनी विचारलं.

उत्तराने चटईवर डोकं टेकवलं. माफीचे सगळे जपानी शब्द तिला पाठ होते, रोज कारखान्यात लागायचे. त्यातला एकही तिला तोंडातून काढता येईना, आणि ती तशीच वाकून रडत राहिली.

तीन आठवड्यांनी नवी फळी बसवायला माणूस आला. जमिनीवर पिंपाचा गोल डाग होता, घासूनही न गेलेला. त्याने डागाकडे पाहिलं, उत्तराकडे पाहिलं, आणि मुकाट्याने स्क्रू पिळले. मोडका बुंधा तिने मुळांसकट लहान कुंडीत लावून घरात ठेवला आहे. वसंतात फुटेल किंवा फुटणार नाही. शनिवारी फोन आला की झाड गेलं एवढंच सांगते. कसं गेलं ते सांगत नाही.

बाकीच्या कुंड्या कठड्यालगत परत आल्या आहेत. फळीसमोर काही नाही. वारा सुटला आणि तिथे काही वाजलं, की उत्तरा हातातलं काम सोडून गॅस बंद करते आणि आवाज किती वेळा होतोय ते मोजते.